सोनेरी बेडूक कशानं गेला?

गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, नोंदवही हे आपलं नेहमीचंच आहे. आज आपण एका बेडकाविषयी बोलणार आहोत. कुणी म्हणेल, बेडकाचं काय ऐकायचं? पावसाळ्यात रात्रभर ऐकतोच की आम्ही! पण हा बेडूक आपल्याकडचा नाही, आणि आता तो कुठेच नाही. तो कशामुळे संपला, यावर जगभरचे अभ्यासक तीस वर्षांहून जास्त काळ वाद घालताहेत. त्यांनी एकेक कारण कसं तपासलं, कुठलं बाजूला ठेवलं आणि कुठलं धरून ठेवलं, हे आपल्याला कामाला येण्यासारखं आहे.

कारण आपल्याकडे काय होतं? वाड्यावर चार शेळ्या दगावल्या की कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं करणी केली. घरात लागोपाठ वाईट घडलं की नव्या सुनेच्या पायगुणावर बोट ठेवलं जातं. चटकन सापडलेलं कारण बहुतेक वेळा एखाद्या बाईच्याच डोक्यावर येऊन बसतं. म्हणून कारण शोधायचं कसं, हे आपण बायांनी शिकून घेतलेलं बरं.

ढगातल्या जंगलातला पाहुणा

अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या भागात कोस्टारिका नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र आणि मध्ये डोंगरांची रांग. त्या रांगेत माँटेव्हर्डे नावाची जागा आहे. या नावाचा अर्थच हिरवा डोंगर. उंची समुद्रापासून दीड हजार मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही थोडी जास्त. समुद्रावरून वाहणारा दमट वारा डोंगरावर चढतो, गार होतो आणि त्याचे ढग बनतात. हे ढग जंगलातूनच सरकत असतात. पाऊस नसला तरी पानांवर, शेवाळावर ढगातलं पाणी जमतं आणि थेंब थेंब खाली पडत राहतं. उन्हाळ्यात त्या जंगलाचा मोठा आधार हेच पाणी.

या डोंगराच्या माथ्यावर, दहा चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत, सोनेरी बेडूक राहायचा. नर जेमतेम दोन इंचांचा, पण रंग असा झळझळीत नारिंगी की जणू झेंडूचं फूल. मादी थोडी मोठी, काळपट अंगाची, त्यावर लाल ठिपके आणि ठिपक्यांना पिवळी किनार. जे सॅव्हेज नावाच्या अभ्यासकांनी १९६६ साली या बेडकाची शास्त्रात पहिली नोंद केली. पहिल्यांदा हे बेडूक बघितले तेव्हा कुणी त्यांना रंगात बुडवून काढलंय की काय, अशी शंका त्यांना आली होती.

वर्षाचा बहुतेक काळ हे बेडूक जमिनीखाली, मुळांच्या सांदीत दडून असत. उन्हाळा संपून पावसाला तोंड लागलं, म्हणजे तिकडे एप्रिल ते जून, की थोडे दिवस बाहेर येत. झाडांच्या मुळांमध्ये साचलेल्या लहान लहान डबक्यांभोवती गर्दी करत. नर पुष्कळ, माद्या थोड्या, त्यामुळे धक्काबुक्की चाले. एक मादी साधारण दोनशे ते चारशे अंडी घालायची. त्यातून शेपटीवाली पिल्लं निघायची आणि त्यांचे बेडूक व्हायला पाचेक आठवडे लागायचे. हे पाच आठवडे डबकं टिकलं पाहिजे. आटलं तर पिल्लं मेली. वाहून जाण्याइतका पाऊस झाला, तरी मेली.

तीन वर्षांत सगळं संपलं

१९८७ च्या वसंतात मार्था क्रम्प नावाच्या अभ्यासक बाई या डबक्यांजवळ ठाण मांडून होत्या. त्या वर्षी दीड हजारावर बेडूक बाहेर आले. अंडी भरपूर पडली. पण पाऊस लांबला. काही दिवसांत डबकी आटली आणि अंडी सुकून गेली. मे महिन्यात बेडकांनी पुन्हा अंडी घातली, पुन्हा तीच गत. क्रम्प बाईंनी नोंद ठेवली ती अशी: अंडी सुमारे ४३,५००, आणि आठवड्याहून जास्त जगलेली पिल्लं अवघी २९.

पुढच्या वर्षी, १९८८ ला, सगळ्या डोंगरावर मिळून जेमतेम दहा बेडूक दिसले. १९८९ च्या मे महिन्यात फक्त एक नर दिसला. एकटाच. त्यानंतर खात्रीलायक असा एकही कुणाला दिसलेला नाही.

लगेच कुणी संपला असं म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. हा बेडूक जमिनीखाली राहणारा. पाऊस मनासारखा नाही म्हणून खालीच थांबला असेल, चांगलं वर्ष आलं की येईल वर, असं अभ्यासकांना वाटत होतं. १९९२ साली क्रम्प बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जो लेख लिहिला त्याच्या नावातच हा प्रश्न होता, बेडूक भूमिगत झालाय की नामशेष? पुढे वर्षामागून वर्षं शोध झाला. चांगले पावसाळेही आले आणि गेले. शेवटी २००४ साली जगातल्या जीवांची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेनं सोनेरी बेडूक नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

आणि तो एकटा गेला नव्हता. माँटेव्हर्डेच्या तीसेक चौरस किलोमीटर परिसरात बेडकांच्या जवळजवळ पन्नास जाती होत्या. त्यातल्या वीस जाती त्याच सुमारास तिथून दिसेनाशा झाल्या.

आता चौकशीला बसू.

संशय पहिला: जंगल तोडलं का?

कुठलाही प्राणी संपला की आपलं पहिलं बोट कुऱ्हाडीकडे जातं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. इथे मात्र तसं नव्हतं. १९५१ साली या भागात येऊन राहिलेल्या शेतकरी कुटुंबांनी आपल्या पाण्याचा उगम सांभाळण्यासाठी माथ्यावरचं जंगल राखून ठेवलं होतं. १९७२ पासून तर तिथे राखीव अरण्य होतं. बेडूक गेला तेव्हा त्याचं जंगल जागेवर उभं होतं. म्हणूनच या घटनेनं सगळे हादरले. कुंपण घातलं, राखण ठेवली, तरी आतला जीव गेला. म्हणजे मारणारा कुंपण ओलांडून आला होता, हवेतून, पाण्यातून किंवा कुणाच्या तरी पायाला चिकटून.

संशय दुसरा: ऊन आणि औषधं

सूर्याच्या घातक किरणांनी बेडकांची अंडी मरतात, असं काही ठिकाणी आढळलं होतं. पण सोनेरी बेडूक दाट सावलीत राहणारा, त्यातून वर्षातले थोडेच दिवस बाहेर येणारा. त्यामुळे हा संशय फिका पडला. डोंगराखालच्या सखल भागातल्या शेतांवर फवारलेली औषधं वाऱ्याबरोबर, ढगाबरोबर वर येत असतील, असाही विचार झाला. ते अशक्य नाही. पण एवढ्या जाती एकदम संपतील इतकं विष वर पोचल्याचा पुरावा मिळाला नाही. तो संशय यादीत राहिला, पण खाली.

संशय तिसरा: दुष्काळ

१९८६-८७ साली एल निनो होता. हे नाव आता आपल्याला रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांतून ओळखीचं झालंय. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं आणि जगभर पावसाचं गणित बिघडतं. आपल्याकडे पुष्कळदा पाऊस ओढ देतो, तसंच माँटेव्हर्डेलाही कोरड पडली. डबकी आटली, अंडी सुकली. हे क्रम्प बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे त्यावर शंका नाही.

पण त्यातून पुढचा प्रश्न निघाला. अंडी सुकली म्हणजे एका वर्षाची पिल्लं गेली. मग मोठे बेडूक कुठे गेले? दीड हजारावर जे दिसले होते, ते पुढच्या वर्षी दहा कसे झाले? एका वर्षी पेरणी वाया गेली म्हणून गावातली सगळी माणसं मरत नाहीत. शिवाय एल निनो काही पहिल्यांदा आला नव्हता. या बेडकांच्या पिढ्यांनी असे दुष्काळ आधीही काढले असणार. मग याच वेळी काय झालं?

अ‍ॅलन पाउंड्स हे माँटेव्हर्डेत राहून अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९९ साली मांडलं, की पृथ्वी तापत चालल्यामुळे ढग आता पूर्वीपेक्षा उंचावर तयार होतात. जंगलाला ढगाचं पाणी मिळेनासं होतं आणि सलग कोरड्या दिवसांची संख्या वाढते. त्यांच्याकडे १९७० च्या दशकापासूनच्या रोजच्या पावसाच्या नोंदी होत्या.

त्यावर २०१० साली दुसऱ्या अभ्यासकांनी वेगळाच दाखला काढला. त्यांनी त्या जंगलातल्या जुन्या झाडांचं लाकूड तपासलं. झाड ज्या पाण्यावर वाढतं त्याची खूण लाकडात राहते आणि त्यावरून कोणतं वर्ष ओलं, कोणतं कोरडं हे सांगता येतं. शंभर वर्षांचा हिशेब लागला. त्यात जंगल सतत कोरडं होत चालल्याचं दिसलं नाही. मात्र १९८६-८७ चा कोरडा काळ त्या शंभर वर्षांतल्या अगदी कडक काळांपैकी होता, आणि त्याचं कारण एल निनो होतं.

इथे आपल्या नोंदवहीची आठवण ठेवा. वीस-पंचवीस वर्षांच्या वहीवरून एक दिसतं, शंभर वर्षांच्या वहीवरून दुसरं. म्हणून एखादी खोटी ठरत नाही. किती लांबवर पाहिलं, यावर उत्तर बदलतं. जागतिक तापमानवाढ खोटी आहे, असाही याचा अर्थ नव्हे. त्या एका ठिकाणी, त्या एका मरणाचा दोष तिच्यावर किती टाकायचा, एवढाच हा वाद आहे.

संशय चौथा: बुरशी

दरम्यान दुसरीकडून एक बातमी आली. ऑस्ट्रेलियातही, मध्य अमेरिकेतही डोंगरातले बेडूक पटापट मरत होते. १९९८ साली दोन्हीकडच्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक बुरशी सापडली. डोळ्यांना न दिसणारी. शास्त्रज्ञ तिला कायट्रिड म्हणतात.

ही बुरशी बेडकाला कशी मारते ते समजून घेऊ. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं शोषून घेतो. अंगातले क्षारही कातडीच सांभाळते. बुरशी कातडीत वाढली की हे काम बंद पडतं. जुलाब लागलेल्या बाळाच्या अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेलं की ते कसं मलूल होतं आणि आपण धावत जाऊन जलसंजीवनी पाजतो, ते आठवा. बेडकाच्या रक्तातले क्षार असे घटत जातात आणि शेवटी त्याचं हृदय थांबतं. पिल्लांच्या फक्त तोंडाजवळच्या कडक भागात ही बुरशी राहू शकते, त्यामुळे ती लगेच मरत नाहीत. मोठे बेडूक मरतात. दुष्काळाच्या कारणाला जे उत्तर देता येत नव्हतं, नेमकं ते इथे मिळालं.

पण सोनेरी बेडकाला हीच बुरशी लागली होती का? ज्या काळात बेडूक मेले तेव्हा ही बुरशी कुणाला माहीतच नव्हती, आणि त्या साथीत मेलेल्या सोनेरी बेडकांची शरीरं तपासायला उरली नाहीत. मग शास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या बरण्यांकडे मोर्चा वळवला. वेगवेगळ्या वर्षी पकडून जपून ठेवलेल्या दुसऱ्या बेडकांची कातडी तपासली. २०११ साली त्याचा निकाल आला. ही बुरशी मेक्सिकोच्या दक्षिण भागात १९७० च्या दशकात दिसते, ग्वाटेमालात १९८० च्या दशकात आणि माँटेव्हर्डेत १९८७ च्या सुमारास. एका गावाहून दुसऱ्या गावाला साथ सरकावी तशी. वर्ष तेच जुळलं.

ही बुरशी आली कुठून? २०१८ साली तिच्या वाणांची तुलना झाली, तेव्हा तिचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला निघालं. विसाव्या शतकात बेडकांचा व्यापार जगभर वाढला. खाण्यासाठी, पाळण्यासाठी, प्रयोगशाळांसाठी बेडूक या देशातून त्या देशात जाऊ लागले. यातला एक व्यापार आपल्या बायकांशी जोडलेला आहे. १९३० च्या दशकापासून पुढे काही दशकं दिवस गेलेत का हे पाहायला आफ्रिकेतला एक बेडूक वापरत. बाईची लघवी त्या बेडकाच्या मादीला टोचायची. तिनं एका दिवसात अंडी घातली, तर बाईला दिवस गेले असं समजायचं. आज आपण दुकानातून पट्टी आणतो, तेव्हा हे काम बेडकाची मादी करायची! त्यासाठी हजारो बेडूक जहाजांतून जगभर गेले. हे आफ्रिकी बेडूक बुरशी अंगावर वागवतात, पण सहसा मरत नाहीत. बुरशी पसरायला कोणत्या व्यापाराचा किती हात लागला हे वेगळं काढता येत नाही, पण ती माणसाच्या वाहतुकीबरोबर फिरली हे बहुतेक अभ्यासक मानतात.

मग खरं कारण कोणतं?

दुष्काळ आणि बुरशी या दोघांचं नातं सरळ नाही. या बुरशीला गारवा आणि ओल लागते, कडक उष्णता तिला सोसत नाही. मग कोरड्या, गरम वर्षात तिचा जोर कसा वाढला? काहींचं म्हणणं, की पाणी आटल्यावर उरलेल्या ओल्या जागी बेडूक दाटीनं जमले आणि एकाची लागण दुसऱ्याला झाली. टँकरभोवती, एकाच हापशावर सगळा गाव जमला की रोगराई कशी पसरते, तसंच. पाउंड्स यांनी २००६ साली म्हटलं, की ढग वाढल्यानं दिवस गार आणि रात्री उबदार झाल्या आणि हेच हवामान बुरशीला मानवलं. त्यावर इतरांनी हरकती घेतल्या. कुणी म्हणतं, दुष्काळ नसता तरी बुरशीनं बेडूक मारलेच असते. कुणी म्हणतं, दोन्ही एकदम आले नसते तर थोडे तरी वाचले असते.

एका गोष्टीवर मात्र फारसा वाद नाही. हा बेडूक एकाच डोंगराच्या माथ्यावर होता. माँटेव्हर्डेतून त्याच वेळी गायब झालेला दुसरा एक ठिपक्यांचा बेडूक पुढे कोस्टारिकातच दुसरीकडे सापडला, कारण त्याचं रान मोठं होतं. सोनेरी बेडकाला दुसरीकडे नव्हतंच.

आपल्या भाषेत सांगायचं तर घर बुडतं ते सहसा एका कारणानं नाही. पाऊस गेला, त्याच वर्षी घरात आजारपण आलं आणि मिळकतीचा दुसरा मार्ग नव्हता, तर घर बसतं. पाऊस गेला पण दोन शेळ्या, शिलाई मशीन आणि गटात थोडी बचत होती, तर ते तगतं. बेडकाचंही तसंच झालं. रोगानं मारलं, दुष्काळानं पुढची पिढी येऊ दिली नाही, आणि जागा एकच असल्यामुळे परत यायला कुणी उरलं नाही. आज बहुतेक अभ्यासक बुरशीला मुख्य आरोपी धरतात आणि बाकीच्यांना साथीदार.

आपल्याला त्याचं काय?

पहिली गोष्ट डासांची. कोस्टारिका आणि शेजारच्या पनामात बेडूक संपत गेले, त्यानंतरच्या काही वर्षांत तिथे हिवताप वाढला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींची सांगड घालून पाहिली, तर सर्वांत वाईट काळात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे एक जादा रुग्ण निघाला. बेडकाची पिल्लं आणि डासांच्या अळ्या एकाच पाण्यात वाढतात आणि मोठे बेडूक कीटक खातात. घरात तापाचं माणूस पडलं की उशाशी कोण बसतं, मजुरी कुणाची बुडते, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट आपल्या सह्याद्रीची. ही बुरशी सह्याद्रीतल्या बेडकांवरही सापडलेली आहे. तिकडच्यासारखी मोठी मर इथे झालेली नाही. पण एकाच जागेवर राहणारे बेडूक आपल्याकडेही आहेत. सिंधुदुर्गातल्या आंबोलीचा वाघासारख्या पट्ट्यांचा लहान बेडूक असाच. पहिल्या पावसात कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. ते कातळ खणले, त्यावरून गाड्या फिरल्या, तर त्यालाही दुसरीकडे घर नाही. परदेशी ताटांसाठी आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या जात असत, त्यावर सरकारनं १९८७ साली बंदी घातली. योगायोग पाहा, तेच साल.

आपल्या हातात काय आहे? एका तळ्यातले बेडूक, मासे किंवा पाणवनस्पती हौसेनं दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नयेत. त्यांच्याबरोबर काय जाईल ते डोळ्यांना दिसत नाही. पावसाळी डबकं घरापासून लांब असेल तर ते बुजवण्याची घाई करू नये. घराजवळच्या टाक्या, टायर, डबे मात्र रिकामे करावेत, तिथे फक्त डासच वाढतात. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये.

आणि नोंद ठेवावी. कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि तिनं लोकांच्या मदतीनं नोंदवही तयार करायची असते. त्या समितीत बायकांनाही जागा आहे. आपल्या गावची वही कुठे आहे, हे सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना विचारा. पहिला पाऊस कोणत्या तारखेला झाला, बेडूक कधी ओरडले, कुठलं डबकं किती दिवस टिकलं, हे लिहायला फार शिक्षण लागत नाही. क्रम्प बाईंनी अंडी मोजून लिहून ठेवली नसती, तर सोनेरी बेडूक कसा गेला याचा वाद घालायलाही काही उरलं नसतं.

पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देऊन थांबतो. लहानपणी पाहिलेला कुठला बेडूक, पक्षी किंवा मासा आता आपल्या शिवारात दिसत नाही? तो साधारण कोणत्या वर्षापासून दिसेनासा झाला? आणि त्या सुमारास गावात काय काय बदललं होतं? म्हाताऱ्या बायांना आधी बोलू द्या. उत्तरं लगेच एका कारणावर आणून बांधू नका. सगळी लिहून काढा आणि मग एकेक तपासा.